परसातली सर्पगंधा

बंगळूरला उद्यानांचे शहर म्हणण्याचा प्रघात बराच जुना आहे. मराठी माणसालाही हे शहर परके नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने ते जिंकल्यावर शहाजीराजांना ते जहागिरीत मिळाले आणि पुढे काही दशके भोसल्यांचा दरबार येथेच भरत असे. तथापि आज मी बोलणार आहे ते दरबारासंबंधी नव्हे, आणि प्रसिद्ध उद्यानांसंबंधीही केवळ ओघाने. माझा विषय आहे एक लहानसे, गुडघ्या-मांडीपर्यंत वाढणारे रानटी झुडूप, आणि त्याला घराच्या परसात जागा द्यावी की नाही हा तितकाच लहान दिसणारा प्रश्न. या झुडपाचे नाव सर्पगंधा. कोकणात आणि घाटमाथ्यावर तिला कोणी अडकई म्हणतात, कोणी हरकाई म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास चारशे वर्षांचा इतिहास ओलांडावा लागतो, आणि त्या वाटेवर गोवा, मलबार, मुंबई, बासेल आणि बंगळूर अशी एकमेकांपासून दूरदूरची गावे भेटतात.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या ओलसर थरात वाढणारी वनस्पती होय. हिमालयाच्या पायथ्याशी, आसामात आणि अंदमानातही ती आढळते. तिची उंची दीड-दोन फूट, क्वचित तीन फुटांपर्यंत जाते. खोडावर प्रत्येक पेरापाशी तीन किंवा चार पाने मंडल करून बसलेली असतात. ती वरून गर्द हिरवी आणि खालून फिकी दिसतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली. परंतु त्यांचे देठ इतके लाल असतात की दुरून फुलांचा गुच्छ लालच भासतो. फळे वाटाण्याएवढी, प्रथम हिरवी आणि पिकल्यावर जांभळट काळी. रानातून चालणाऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही, कारण तिचे सारे महत्त्व जमिनीखाली आहे. तिची मुळी वेडीवाकडी, तपकिरी सालीची आणि चवीला अतिशय कडू असते. आणि औषधी द्रव्यांचा बहुतेक साठा त्या सालीतच असतो.

मुळीच्या वळणांमुळे असो वा सर्पदंशावरील उपचारामुळे असो, या झुडपाचे नाव सापाशी जोडले गेले. नागाशी लढण्यापूर्वी मुंगूस या झाडाचा पाला किंवा मुळी खातो, ही कथा भारतात आणि भारताबाहेर पुष्कळ ठिकाणी सांगितली जाई. सोळाव्या शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने ती कथा ऐकली होती. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते आणि तेथे त्याची बागही होती. १५६३ मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापून निघाला. त्यात त्याने सर्पकाष्ठाचे तीन प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांपैकी एक सर्पगंधा असावी असे वनस्पतींचे अनेक अभ्यासक मानतात. युरोपातील विद्वानांच्या कानी या झुडपाची वार्ता गेली ती अशी, एका भारतीय किनाऱ्यावरून.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी मलबारात जे घडले ते आपणा मराठी श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोचीन येथील डच सेनानी हेन्रिक व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'होर्तुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारचे उद्यान, या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. या कामी इट्टी अच्युतन् हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण त्याचे साहाय्यक होते. या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात त्यांच्या कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत जसेच्या तसे छापले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ज्या ग्रंथात हे प्रमाणपत्र आहे, त्याच ग्रंथमालेत सर्पगंधेचे चित्र आणि वर्णन तिच्या मलबारी नावाखाली आले आहे. म्हणजे तिची पहिली रेखीव ओळख जगाला झाली ती आपल्याकडील वैद्यांच्या हाताने. त्या वैद्यांची नावे ग्रंथात टिकली, हे त्या काळाच्या मानाने रीडचे मोठेच औदार्य म्हणावयास हवे.

शास्त्रीय नामकरणात मात्र हे औदार्य उरले नाही. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७०३ मध्ये एका अमेरिकन वनस्पतिकुलाला जर्मनीतील आउग्सबुर्गचा वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याचे नाव दिले. पुढे आपली सर्पगंधा त्याच कुलात समाविष्ट झाली आणि 'राउवोल्फिया सर्पेंटिना' हे तिचे जागतिक नाव ठरले. हा राउवोल्फ १५७३ पासून तीन वर्षे सीरिया आणि इराकच्या प्रदेशात हिंडला, परंतु हिंदुस्थानात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. ज्याने हे झाड पाहिले नाही त्याचे नाव झाडाला चिकटले. आणि ज्या अनाम वैदूंनी, दाईंनी आणि रानातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ते वापरले, त्यांचा कोठे उल्लेखही नाही. वैज्ञानिक नावांची रीतच अशी आहे आणि तिच्याविषयी रोष धरण्याचे कारण नाही. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने हा ताळेबंद एकदा मांडून ठेवला पाहिजे.

आता बंगळूरकडे वळू. हैदरअलीने १७६० मध्ये येथे लालबागेची उभारणी सुरू केली. टिपूने ती वाढविली आणि काबूल, इराण, तुर्कस्तान, मॉरिशस अशा दूरदेशांहून तिच्यासाठी रोपे व बियाणे मागविले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर बाग कंपनी सरकारच्या अमलाखाली आली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. १८७४ पासून तिचा कारभार पाहणाऱ्या जॉन कॅमेरॉन याच्या काळात तेथील काचगृह उभे राहिले. त्याची पायाभरणी १८८९ ची. कॅमेरॉननंतर १९०८ मध्ये गुस्ताव क्रुम्बीगल हा जर्मन उद्यानशास्त्रज्ञ आला. तो त्यापूर्वी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होता. ऋतुमानाप्रमाणे एकामागून एक रस्ते फुलत राहावेत, अशी वृक्षांची योजना बंगळुरात रुजली ती प्रामुख्याने त्याच्यामुळे.

ही परंपरा मोठी आहे आणि तिच्याविषयी या शहरातील प्रत्येक रहिवाशाला अभिमान वाटतो. परंतु या बागेत कोणाला आवर्जून बोलावणे गेले याची यादी पाहिली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बंगळूरचे रस्ते निळे करणारा जॅकरांडा दक्षिण अमेरिकेचा. गुलमोहर मादागास्करचा. मोठी छत्री धरणारा पर्जन्यवृक्षही अमेरिकेकडचाच. येथल्या बाजारात आज मुबलक मिळणारी चाऊचाऊ ही फळभाजी कॅमेरॉनने येथे रुजविली, तीही परदेशचीच. जे दूर आहे, दुर्मिळ आहे, पैका खर्चून मिळवावे लागते, त्याला बागेत मानाचे स्थान. आणि जे शे-दोनशे मैलांवरच्या घाटात आपोआप उगवते, त्याला लावावे कशाला, असा हा हिशेब होता. तो केवळ राजांचा वा गोऱ्या अधिकाऱ्यांचा होता असे नव्हे. आपल्या घराच्या परसातही तुळस आली, अडुळसा आला, कोरफड आली. परंतु सर्पगंधेची मुळी लागली तर ती वैदूकडून वा काष्ठौषधींच्या दुकानातून आणावी, हीच रीत होती. रानात फुकट मिळणाऱ्या वस्तूला बागेत जागा मिळत नाही. सर्पगंधेवर पुढे जे संकट आले, त्याचे मूळ या साध्या वृत्तीत आहे.

ते संकट आले ते तिच्या कीर्तीच्या पाठोपाठ. बिहारात आणि उत्तर प्रदेशात ही मुळी 'पागल की दवा' म्हणून खेडोपाडी ओळखली जाई. रडणाऱ्या मुलाला झोप यावी म्हणूनही ती देत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्ही विकारांवर ती उपयोगी पडते असे आधुनिक वैद्यकाच्या भाषेत प्रथम मांडले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांतील एकाला त्यांनी आपले आश्रयदाते हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसंबंधीच्या वैद्यकात अजमलीन आजही परिचित आहे. १९३३ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीचा रक्तदाब उतरविणारा गुण प्रयोगाने पडताळला. याच सुमारास, १९३४ मध्ये, देहरादूनच्या हिमालया कंपनीने 'सर्पिना' या नावाने तिच्या गोळ्या बाजारात आणल्या. ब्रह्मदेशात बेचैन हत्तींना ही मुळी चारताना पाहून कंपनीच्या संस्थापकांना ती कल्पना सुचली, अशी त्या कंपनीची सांगी आहे. पुढे १९७५ मध्ये या कंपनीचा मोठा कारखाना बंगळूरजवळ माकळी येथे उभा राहिला आणि अशा रीतीने सर्पगंधेच्या इतिहासातील एक धागा या शहरात येऊन पोहोचला.

परंतु जगाचे लक्ष वेधले ते मुंबईने. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात पन्नास रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. अतिरक्तदाबाच्या या रुग्णांना सर्पगंधेने निश्चित उतार पडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर विश्वासाने द्यावे असे औषध डॉक्टरांपाशी जवळजवळ नव्हतेच. वकिलांचा तो लेख वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातील गोळ्या आपल्या रुग्णांना देऊन पाहिल्या. १९५२ मध्ये बासेलच्या सीबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी मुळीतील प्रमुख द्रव्य वेगळे केले आणि त्याला रिसर्पीन हे नाव दिले. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये मनोरुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन यांच्याबरोबर डॉ. वकीलही होते. भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण दिले.

या झुडपाने विज्ञानाला दिलेले दान एवढ्यावर थांबले नाही. रिसर्पीन दिले असता मेंदूतील सेरोटोनिनसारख्या संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा होतो, हे १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य देऊन पुन्हा हालते केले. डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून स्पष्ट झाले, आणि कंपवाताच्या आधुनिक उपचाराचा पाया घातला गेला. कार्लसन यांना २००० साली जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी अशा रीतीने सह्याद्रीच्या सावलीत वाढणारे हे झुडूप होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता या कीर्तीची किंमत कोणी चुकविली ते पाहू. किलोभर वाळलेल्या मुळीतून रिसर्पीन निघते ते ग्रॅमभर, बहुधा त्याहूनही कमी. म्हणजे कारखान्याला हवे होते मुळ्यांचे ढीग. पानांचे वा फळांचे औषध असते तर झाड वाचले असते. पण मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचे. त्यातही मुळी भरण्यास दीड ते तीन वर्षे लागतात आणि बी धरण्यापूर्वीच झाड उपटले, तर त्या जागी दुसरे उगवण्याची आशा संपते. रानातून गोळा करणाऱ्याला पैसे मिळतात ते वजनावर. तेव्हा कोवळे झाड सोडून द्यावे, काही झाडे बियाण्यासाठी राखावीत, हा विचार त्याच्या भाकरीच्या आड येतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मुळी त्याच्या हातून अडत्याकडे, अडत्याकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून कारखान्याकडे गेली. प्रत्येक पायरीवर तिचे मोल वाढत गेले आणि सर्वांत कमी मोल सर्वांत खालच्या पायरीवर राहिले.

बघता बघता रानेच्या राने या झुडपाला पारखी झाली. पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधने घातली. परदेशी कारखानदार मग आफ्रिकेतील 'राउवोल्फिया व्हॉमिटोरिया' या तिच्या भगिनीकडे वळले, कारण तिच्या मुळीत रिसर्पीन अधिक सापडते. १९५६ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रिसर्पीन प्रयोगशाळेत घडवून रसायनशास्त्रातील एक अद्भुत पराक्रम केला, परंतु झाडातून काढलेले द्रव्यच स्वस्त पडत राहिले. पुढे अधिक सोयीची औषधे आली, रिसर्पीनमुळे काही रुग्णांना औदासीन्य येते हे दिसून आले आणि डॉक्टरांच्या लेखी त्याचे महत्त्व ओसरले. तरी आयुर्वेदीय औषधांसाठी देशात मागणी चालूच राहिली. १९९० मध्ये दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश झाला. चाळीस वर्षांपूर्वी जी रानात सहज आढळे, तिच्यासाठी जगातील राष्ट्रांना एकत्र बसून नियम करावा लागला. एखादी वनस्पती निरुपयोगी ठरली म्हणून नष्ट होते असे आपण समजतो. येथे ती अति उपयोगी ठरली म्हणून नाहीशी होऊ लागली.

या टप्प्यावर बंगळूरचे नाव इतिहासात पुन्हा येते, आणि त्याबरोबर महाराष्ट्राचेही. १९९३ मध्ये बंगळुरात स्थानिक आरोग्यपरंपरांच्या पुनरुज्जीवनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले, एफ. आर. एल. एच. टी. या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. त्याचे संस्थापक दर्शन शंकर यांनी त्यापूर्वी आपल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, आदिवासी भागात, विकासविज्ञान प्रबोधिनीचे काम केले होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आदिवासींना झाडपाल्याचे किती बारीक ज्ञान आहे, याचा प्रत्यय त्यांना तेथे आला. बंगळूरच्या या प्रतिष्ठानाने कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या राज्यांच्या वनखात्यांशी मिळून औषधी वनस्पतींसाठी अरण्यातच राखीव क्षेत्रे आखली. झाड जेथे जन्मते तेथेच त्याला राखावे, हा त्यामागील विचार. याच्या जोडीला त्याने ग्रामीण घरांच्या परसात औषधी रोपांचा छोटा संच लावण्याची मोहीम चालविली. एक काम अरण्यात, दुसरे परसात; आणि आजच्या माझ्या विषयाचे मर्म या जोडीतच आहे.

तेव्हा घराच्या परसात सर्पगंधा लावावी काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु ते देताना काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट रोपाच्या ओळखीची. बंगळूरच्या आसपास आणि महाराष्ट्रातही पडीक जागी, कुंपणांच्या कडेला सर्पगंधेची एक अमेरिकन बहीण माजलेली दिसते. शास्त्रज्ञ तिला 'राउवोल्फिया टेट्राफिला' म्हणतात. पुष्कळदा तीच सर्पगंधा म्हणून विकली जाते. तिच्या पेरावर चार पाने असतात आणि त्यांत लहानमोठेपणा ठळक दिसतो. फुले इवलीशी, मळकट पांढरी. फळे आधी लाल आणि मग काळी. आपल्या सर्पगंधेचे लाल देठांचे लांबट फूल एकदा पाहिले, की मग डोळा फसत नाही. रोप घ्यावयाचे ते कृषी विद्यापीठाच्या, वनखात्याच्या किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून. रानातून उपटून आणलेले रोप परसात लावणे म्हणजे ज्या चोरीवर उपाय करावयाचा, तिच्यातच भागीदार होणे होय.

दुसरी गोष्ट जागेची. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे बंगळूर हवेने सौम्य आहे, पण पावसाने अरण्याच्या मानाने बरेच कोरडे. म्हणून आंबा, फणस वा शेवग्याची विरळ सावली, सकाळचे ऊन आणि दुपारची छाया अशी जागा तिला मानवते. येथील तांबड्या मातीत वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समभाग मिसळला की तिला घरचे वाटू लागते. पाणी साचू देऊ नये, कारण मुळी कुजते; आणि माती अगदी कोरडीही पडू देऊ नये. सरकारी निवासाच्या मागील माझ्या लहानशा जागेत, पाचोळ्याचा जाड थर घालून ठेवला असता उन्हाळ्यातही ती तग धरते, असा माझा अनुभव आहे. कुंडीत लावावयाची असेल, तर कुंडी दीड फूट तरी खोल हवी, कारण मुळीला खाली उतरावयाचे असते.

तिसरी गोष्ट धीराची. तिच्या बियांत पोकळ बियांचे प्रमाण मोठे असते. पिकलेल्या काळ्या फळांचा गर धुऊन बी मिठाच्या पाण्यात टाकावे. तरंगेल ते सोडून द्यावे आणि बुडेल ते एक दिवस साध्या पाण्यात भिजवून वाफ्यात पेरावे. उगवण्यास तीन आठवडे ते दोन महिने लागतात, आणि शंभरांतून वीस-तीस उगवली तरी समाधान मानावे. बी ताजे असावे. ठेवलेल्या बियांचा जोम लवकर जातो. एप्रिल-मेमध्ये पेरलेली रोपे जुलैच्या पावसात कायमच्या जागी लावता येतात. मुळीच्या वा खोडाच्या तुकड्यांपासूनही रोप होते. पण सर्व रोपे एकाच झाडाच्या तुकड्यांची असली, तर ती एकमेकांच्या प्रतिकृती ठरतात. एक रोग सर्वांना गाठू शकतो. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांचे बी मिळवून लावणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्याची देवघेव करणे अधिक इष्ट.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरात झाड आहे म्हणून त्याची मुळी उगाळून घेण्याचा मोह कोणीही धरू नये. रक्तदाब एकदम खाली नेणारे, मनावर दीर्घकाळ परिणाम करणारे हे द्रव्य आहे. त्याची मात्रा वैद्याने किंवा डॉक्टरानेच ठरवावयाची असते. गर्भवती स्त्रियांना, बालकांना आणि मन खचलेल्या माणसांना तर ते घातक ठरू शकते. लहान मुले असलेल्या घरात तिची काळी फळे मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशी काळजी घेतलीच पाहिजे. परसातली तुळस आपण खुडतो. परसातली सर्पगंधा केवळ पाहावयाची, राखावयाची आणि तिचे बी पुढे द्यावयाचे.

मग एखादा व्यवहारी श्रोता विचारील, की जी उपटायची नाही आणि खायची नाही, ती लावायची तरी कशासाठी? परसातल्या चार झाडांनी अरण्य थोडेच भरून येणार आहे? या शंकेत तथ्य आहे. अरण्यातील सर्पगंधेभोवती तिची स्वतःची माती असते, तिच्या फुलांवर येणारे कीटक असतात, फळे खाऊन बी दूर नेणारे पक्षी असतात, आणि वर छत्र धरणारे वृक्ष असतात. हे सारे बागेत आणता येत नाही. परसाला अरण्याची जागा कधीच घेता येणार नाही, आणि परसात आहे म्हणून रानातली गेली तरी चालेल असे कोणी मानू लागले, तर परसाने हित करण्याऐवजी घातच केला असे होईल. औषधांच्या मागणीचा भार उचलावयाचा तो शेतकऱ्याने शेतात पिकवून. त्याला योग्य भाव देऊन. आणि रानातली मुळी कोणती व शेतातली कोणती हे व्यापारात स्पष्ट ठेवून. ते काम परसाचे नव्हे.

परसाचे काम निराळे आहे, आणि ते ओळखीचे आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते असे, की सर्पगंधेचा नाश मुख्यतः अपरिचयाने झाला. कारखान्यातील शास्त्रज्ञाला मुळी ठाऊक होती, झाड ठाऊक नव्हते. डॉक्टरला गोळी ठाऊक होती, मुळीही ठाऊक नव्हती. रुग्णाला तर केवळ बाटलीवरचे नाव माहीत होते. झाड, मुळी आणि गुण या तिन्ही गोष्टी ज्याला एकत्र ठाऊक होत्या, त्या रानातल्या माणसाला कोणी विचारलेच नाही. ज्या वस्तूचा चेहरा आपण पाहिलेला नाही, तिच्या जाण्याचे दुःख आपणास होत नाही. उलट, ज्या घरातील मुलाने लाल देठांचे ते फूल पाऊस पडल्यावर उमलताना पाहिले, शंभर बियांतून पंचवीसच उगवतात हे वाफ्यात मोजले, दोन वर्षे झाली तरी झाड कमरेएवढेही होत नाही हे अनुभवले, त्या मुलाला रानातल्या एका झुडपाचे मोल वजनाच्या काट्यावाचून कळते. उद्या ते मूल डॉक्टर होईल, वनाधिकारी होईल, व्यापारी होईल किंवा माझ्यासारखे कागदपत्रांवर सह्या करणारे होईल. त्याच्या समोर एखाद्या अरण्याचा कागद आला, तर त्याला त्या कागदामागे काय आहे हे ठाऊक असेल.

रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या प्रमाणपत्रात आपल्या ज्ञानाची ग्वाही दिली. त्यांच्या हाती फौज नव्हती, सत्ता नव्हती. होती ती झाडांची पारख आणि ती दुसऱ्यास सांगण्याची तयारी. वनस्पतींचे रक्षण शेवटी कायद्याने होते तितकेच ते या पारखीने होते. कायदा उपटणाऱ्याचा हात धरतो. पारख मात्र लावणाऱ्याचा हात तयार करते. टिपूच्या बागेसाठी एके काळी काबूलहून रोपे आली, मॉरिशसहून आली. आज बंगळूरच्या, पुण्याच्या, नागपूरच्या, किंवा आपण जेथे असाल तेथल्या घराच्या मागे चार हात सावलीची जागा असेल, तर तेथे सह्याद्रीच्या या शांत रहिवाशाला बोलावणे पाठविण्यास काही हरकत नसावी. ती फार जागा मागत नाही. पाचोळा, थोडी ओल आणि दोन-तीन वर्षांचा धीर एवढ्यावर ती आपल्या घरी राहते, आणि बी धरल्यावर शेजारच्या घरीही जाण्यास तयार असते.